पिकायची वाट पाहिलेला डोळा

"हा मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाले. "डाव्या डोळ्याची मधली नजर गेली आहे. आता उजव्यातही सुरू झालंय."

मी ह्यांचा हात घट्ट धरला. संभाजीनगरच्या त्या थंडगार खोलीतही मला घाम फुटला. वर्षभर आम्ही भोकरदनला घरी बसून माझा मोतीबिंदू पिकायची वाट पाहत होतो. सासूबाईंचाही पिकल्यावरच काढला होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

आजाराचं नाव सीएनव्ही. डोळ्यातल्या पडद्याला रेटिना म्हणतात. त्याच्याखाली नको तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि पडदा सुजतो. ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. त्यात ते पाझरलेलं पाणी दिसतं. उपाय, डोळ्यात इंजेक्शन. तेही पुन्हा पुन्हा.

डोळ्यात सुई! बाकावर नंबराची वाट पाहताना पळून जावंसं वाटत होतं. खरं सांगते, थेंब टाकून डोळा बधिर करतात, नुसता दाब कळतो. भीती मात्र तशीच राहते.

तीन इंजेक्शनांनंतर उजव्या डोळ्याने तांदूळ निवडता येऊ लागले.

"दिसून राह्यलं ना बराबर? मंग कशाला टोचून घ्यायचं? मका निघू दे, मंग जाऊ," हे म्हणाले. मलाही तेच हवं होतं. पुढची तारीख आम्ही टाळली.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी डावा डोळा झाकून खिडकीचे गज पाहायची. एके दिवशी मधले गज वाकडे दिसले. डोळा पुसून पुन्हा पाहिलं, तरी वाकडेच. दिवसभर मी खिडकीकडे फिरकलेच नाही. बोललं की खरं होईल, असं वाटत होतं. संध्याकाळी भाकरी थापताना रडूच फुटलं.

"अहो, गज वाकडे दिसून राह्यले."

हे ताटावरून उठले. "मका ऱ्हाऊ दे शेतात. सकाळीच निघू."

"लवकर आलात म्हणून बरं," डॉक्टर म्हणाले. "हे औषध आजार दाबून ठेवतं, मुळासकट उपटत नाही. दिसतंय म्हणून थांबायचं नाही."

"किती वर्षं घ्यायचं?" मी विचारलं.

"ते आत्ताच सांगता येणार नाही."

पुन्हा इंजेक्शनं घेतल्यावर गज सरळ झाले, एक जरासा कललेलाच राहिला. डाव्या डोळ्याने पाहिलं तर ह्यांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग दिसतो. उजव्याने अख्खा माणूस दिसतो, मिशीसकट. देवाचे आणि त्या डॉक्टरांचे उपकार.

सरळ रेघ वाकडी दिसली तर मोतीबिंदू समजून घरी बसू नका. पडदा तपासून घ्या.

उद्या पुन्हा सुई आहे. भीती आहेच. पिशवी मात्र मी दुपारीच भरून दारापाशी ठेवली.