सोड्यांच्या रंगाचे केस

आमच्या पालघरच्या ऑफिसात माझ्या वयाच्या बायकांचे दोन पक्ष आहेत, काळा आणि बरगंडी. बरगंडीवाल्या स्वतःला पुढारलेल्या समजतात. दुपारी डबे उघडून त्या खिडकीशी बसल्या की उन्हात त्यांची डोकी किसलेल्या बिटासारखी दिसतात. मी काळ्या पक्षातली. चाळिशीच्या आधीच केस पिकायला लागले आणि तेव्हापासून दर महिन्याला एका रविवारी गळ्यात जुना टॉवेल घालून मी पुन्हा तरुण होत आले. त्यातून काही फार साधत होतं असं नाही. केस इतके काळेभोर होत की चेहरा त्यांच्याखाली जास्तच म्हातारा दिसे.

हे असंच चाललं असतं. पण थोरल्या जाऊबाईंचा वसईहून फोन आला. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता, आणि तो आमच्या मूळ घरी, पाम गावात, वाडीत मांडव घालून करायचा होता. बेत, पाहुणे, साड्या असं सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी या वेळी केसांचं काहीतरी वेगळं करणार आहे हं. तू आपली काळीच ठेव. तुला तेच शोभतं."

माणसाला चिडवायला एवढं पुरतं. फोन ठेवल्यावर मी ठरवलं, काळं नाही आणि बरगंडी तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोबाइलवर शोधायला बसले. एका ठिकाणी लिहिलं होतं की आधी आपल्या त्वचेची जात ओळखा. मनगटाच्या शिरा निळ्या दिसल्या तर तुम्ही 'कूल', हिरव्या दिसल्या तर 'वॉर्म'. मी मनगट खिडकीकडे धरलं. शेजारणीने विचारलं काय बघतेस, मी सांगितलं, आणि पाहता पाहता आमचा अख्खा विभाग हात उताणे करून खिडकीशी उभा राहिला. तेवढ्यात साहेब आले. "काय झालं? रक्तदान आहे का?" त्यांनी घाबरून विचारलं. मग जाता जाता त्यांनीही स्वतःचं मनगट एकदा बघून घेतलं.

मी हिरवी निघाले. म्हणजे वॉर्म. मोबाइलने पुढे चार-दोन प्रश्न विचारले आणि निकाल दिला, तुमच्यासाठी उबदार स्ट्रॉबेरी ब्लॉन्ड. खाली एका परदेशी बाईचा फोटो होता. तिचे केस सोनेरीही नव्हते आणि लालही नव्हते, मध्येच कुठेतरी उजळलेले होते. ती एका कुंपणाला टेकून हसत होती आणि तिला जाऊ नसावी असं वाटत होतं.

ऑफिसजवळच्या पार्लरवालीला विचारलं. तिने माझी एक बट उचलून पाहिली आणि सोडून दिली. "ताई, हा रंग काळ्यावर बसत नाही. आधी ब्लीच करून काळा काढावा लागेल. घरी नका करू." मला वाटलं, बाई आपलं दुकान चालवतेय. शहाण्या माणसाचा सल्ला आपल्याला नेमका तेव्हाच लबाडीचा वाटतो जेव्हा तो आपल्या मनाविरुद्ध असतो.

आम्ही राहतो त्या बोईसरच्या बाजारातला दुकानदार मात्र मोठा समजूतदार होता. त्याने काउंटरवर केसांच्या नमुन्यांची पट्टीच अंथरली. खोट्या केसांचे छोटे छोटे झुपके, प्रत्येकाखाली आकडा.

"मॅडम, वॉर्म में क्या चाहिए? कॉपर है, गोल्डन कॉपर है, हनी है."

"स्ट्रॉबेरी ब्लॉन्ड."

त्याने एक क्षण माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग वर फळीकडे, मग शिडी लावून अगदी मागचं खोकं काढलं आणि त्यावरची धूळ आपल्या बाहीने पुसली. वर तशीच एक बाई हसत होती.

"लगाने के बाद ऐसा ही दिखेगा?" मी विचारलं.

"मॅडम, फोटो तो फोटो है," तो म्हणाला. माझे केस कमरेपर्यंत लांब म्हणून त्याने दोन खोकी दिली, आणि उघडा किंवा उघडू नका, परत घेणार नाही असंही सांगितलं. या इशाऱ्यातून मी काही बोध घेतला नाही.

आता नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो तारापूरच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. कापडाचे रंग. लग्न झालं तेव्हापासून त्याच्या नखांच्या कडा कधी जांभळ्या, कधी पोपटी असतात, आणि कोणत्या महिन्यात कुठली ऑर्डर आहे ते मला त्याच्या रुमालांवरून कळतं. मी खोकं समोर ठेवल्याबरोबर त्याने चष्मा लावला आणि बाजूची बारीक अक्षरं देवाच्या पोथीसारखी वाचली.

"आधी बेस बघ," तो म्हणाला. "पांढऱ्या कापडावर पाहिजे तो रंग चढेल. काळ्या कापडावर गुलाबी चढलेला पाहिलायस कधी?"

"अहो, मी काय कापड आहे?"

"तेच तर म्हणतोय. कापडाचा तागा असता तर मी परत पाठवला असता."

मग मी बोलणं बंद केलं. जेवताना तो म्हणाला, "बरं, करू. पण पद्धतशीर करू." कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबायचं त्याने मला भाग पाडलं. काही झालं नाही. शनिवारी सकाळी तो कारखान्यातले हातमोजे आणि गॉगल घालून बाथरूमच्या दारात उभा राहिला. नळीतलं क्रीम आणि बाटलीतलं द्रावण त्याने काचेच्या वाडग्यात असं ढवळलं, की आता कारखान्यातल्यासारखा धोक्याचा सायरन वाजून शेजारची सोसायटी रिकामी होईल असं वाटावं. मला स्टुलावर बसवून तो मागून ब्रशने रंग लावत होता आणि मधूनमधून तापमान कसं आहे असं विचारत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने माझ्या डोक्याला इतका वेळ हात लावल्याचं मला आठवत नाही. त्या भरात एकाच खोक्यात काम भागलं, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

धुतल्यावर आरशात पाहिलं.

लांबीभर केस होते तसेच काळे होते. पार्लरवाली खरं बोलली होती, नवराही खरं बोलला होता. आधीच्या काळ्या रंगावर नव्या रंगाची काडीमात्र मात्रा चालली नव्हती. पण महिनाभरात मुळाशी जे पांढरे केस उगवले होते, त्यांनी रंग असा काही उचलला होता की विचारू नका. कपाळापासून टाळूपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंनी लखलखीत केशरी पट्टा, आणि बाकी अमावस्या.

"पांढऱ्यावर बघ काय सुंदर चढलाय," नवरा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात जो अभिमान होता त्याचा मला फार राग आला.

दार वाजलं. शेजारच्या भाभी वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांचे यजमान इथल्याच एका कारखान्यात, गाव बिहारकडचं. माझ्या भांगाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अरे वाह! आपने भी सिंदूर लगाना शुरू किया? बहुत अच्छा किया, भाईसाहब की उमर बढ़ेगी." मी साखर दिली. दुसरं काय करणार!

पुन्हा काळा रंग लावून टाकते म्हटलं, तर नवऱ्याने साफ नकार दिला. एका आठवड्यात दोनदा डोक्यावर रसायन नको. आणि खरंच टाळू जरा चुणचुणत होती. साखरपुडा पुढच्या रविवारी.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे सासूबाईंना भेटायला पामला गेलो. त्या वाडीतल्या घरी एकट्या राहतात. ऐंशी उलटली तरी आमच्या फ्लॅटमध्ये यायला तयार नाहीत, तिथे पाणी विचारून येतं म्हणतात. मी डोक्यावर ओढणी घेतली होती. त्यांनी ती पहिल्याच मिनिटाला ओढली.

"काय गो, हलदीचा डबा उपडा झाला का डोक्यावर?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पन ही स्ट्रॉबेरी म्हनजे काय?"

"फळ असतं, आई. महाबळेश्वरला होतं."

"आनि त्या फळाला केस असतात?"

पिशवीतलं दुसरं खोकं मी रागाने बाहेर काढलं आणि त्यावरची बाई त्यांना दाखवली. त्यांनी ते उजेडात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"हे तं सोडे गो! चांगली कोळंबी सोलून वाळवली का अस्साच रंग येतो. एवढ्यासाठी बोईसरच्या बाजारात गेलीस?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा तो रंग नीट कळला. ना सोनेरी, ना लाल. सोडे. मोबाइलला हे सांगता आलं नव्हतं.

सासूबाई अजून खोक्याकडेच बघत होत्या. मग आपल्या मुलाला म्हणाल्या, "काय रे, माज्या डोक्यात काळा केस एक नाय. माज्यावर चढंल का?"

नवऱ्याने त्यांच्या अंबाड्याकडे पाहिलं. आयुष्यभर खोबरेल तेलाशिवाय काही न लागलेले, कापसासारखे केस. त्याचे डोळे चमकले. "आई, तू म्हणजे अगदी कोरं कापड आहेस."

मी म्हटलं, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक आता माजं काय म्हनायचे राह्यलेत?" त्या म्हणाल्या. "आनि तू लावलंस तवा लोक नव्हते का?"

त्यांच्याही कानामागे थेंब लावून ठेवला. आठवडाभर काही झालं नाही. शनिवारी मांडव उभा राहत होता तेव्हा आम्ही मागच्या पडवीत त्यांना बसवलं. विहिरीच्या गार पाण्याने मी केस धुतले, टॉवेल काढला, आणि नवऱ्याने गॉगल कपाळावर सरकवला. खोक्यावरची बाई फिकी पडावी असा रंग. सासूबाईंनी हातआरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "उद्या अबोलीचा गजरा आन. मोगरा नको, ह्याच्यावर उठायचा नाय."

साखरपुड्याला जाऊबाई आल्या त्या सबंध दिवस पार्लरमध्ये बसून, केसांत कॅरमलच्या छटा काढून. मेहनत खरोखर दिसत होती. पण अंगणात पाऊल टाकलं आणि समोर खुर्चीत, हिरव्या लुगड्यात, सोडेरंगी अंबाड्यावर अबोली माळून सासूबाई बसलेल्या. मुलाकडच्या बायकांचा तिथे घोळका जमला होता. मुलाच्या आजीने तर हळूच विचारलं, "तुमच्याकडं कोन परदेशातलं हाय का?"

"नाय," सासूबाई म्हणाल्या, "आमी पामचेच. सूनबाईनं घरी लावून दिलं."

आणि माझी वेगळीच कीर्ती पसरली. केशरी पट्टा झाकायला मी डोक्यावरून पदर घेतला होता आणि तो घसरू नये म्हणून मान खाली घालून, जपून वावरत होते. एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "ऑफिसात नोकरी करते, पन डोक्यावरचा पदर बगा. ह्याला वळन म्हनतात." चार जणींनी आपापल्या सुनांकडे पाहिलं. त्या सुनांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मात विसरणार नाही.

अंगठ्या घालून झाल्यावर जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे तू मुद्दाम केलंस. माझ्या मुलीचा साखरपुडा, आणि सगळे फोटो आईंच्या केसांचे!"

"ताई, आईंना नाही म्हणणं माझ्या हातात आहे का?"

"आणि हा पदर कधीपासून? माझ्यासमोर नाटकं नकोत." त्यांनी पदर ओढला.

केशरी पट्टा उघडा पडला. मग त्यांच्या तोंडातून विचित्र आवाज निघाला. त्यांनी भिंतीला हात टेकला. "अगं, तुझा तर... तुझा तर रस्त्याचा दुभाजक झालाय!" त्या हसत सुटल्या, हसता हसता खालीच बसल्या, आणि त्यांना बघून मलाही आवरेना. श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी आम्ही दोघी डोळे पुसत बसलो. मग त्यांनी सांगितलं की पार्लरमधल्या खुर्चीत बसून त्यांची कंबर धरली आहे आणि घरी नवऱ्याने "केस भिजलेत का?" असं विचारलं. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एकमेकींशी इतकं खरं कधी बोललो नव्हतो. जाताना त्यांनी खोक्यावरचा आकडा लिहून घेतला. स्वतःसाठी नाही, म्हणाल्या, माहेरच्या आईसाठी.

पामच्या भजनी मंडळात आता चार डोकी सोड्यांच्या रंगाची आहेत. रविवारी मी आणि नवरा जाऊन लावून देतो. तो गॉगल घालतो. म्हाताऱ्या त्याला "डाक्टर" म्हणतात आणि तो नाही म्हणत नाही. बोईसरचा दुकानदार मला पाहिलं की आपण होऊन शिडी लावतो. आमच्या वयाची कोणी काळं-बरगंडी डोकं घेऊन आलीच तर सासूबाई तिला परत पाठवतात. "आदी पिकून ये," म्हणतात.

मीही काळा रंग बंद केला आहे. केस कापून खांद्यापर्यंत आणले, पट्टा वाढत वाढत कानाखाली आला आहे आणि त्याच्यावर पांढरं उगवतं आहे. परवा ऑफिसात बरगंडी पक्षातल्या एकीने काळजीने विचारलं, "अगं, बरी आहेस ना? केस किती पांढरे झाले!"

"कुठे गं," मी म्हटलं, "फार हळू होतायत."