दुसरा वाइस

बस डेपोतून निवृत्त झालेल्या मेकॅनिकदादांनी तळघराचा ध्यासच घेतला होता. ओल थांबली, रंग झाला, दिवे लागले. अडलं होतं ते फक्त लाकूडकामाचं टेबल. आज जमिनीवर खडूने आखायचं, उद्या पुसायचं.

"दादा, लाकूड धरायला डावीकडे एक वाइस पुरे," सुतार वैतागून म्हणाला. "उजवीकडे दुसरा कोणासाठी?"

"धाकट्या भावासाठी. तो डावखुरा आहे, त्याला उजवीकडेच लागतो."

लहानपणी दोघे भाऊ एकाच टेबलावर शेजारी उभं राहून रंधा मारायचे, पण कोपराला कोपर कधी लागला नाही. पुढे वडिलांच्या घरावरून बिनसलं आणि बोलणं तुटलं ते तुटलंच.

सुतार कपाळावर हात मारून गेला, तशी दादांची बायको चहा घेऊन खाली आली.

"अहो, भावोजींना एक फोन करा की."

"करणारच आहे. टेबल एकदा होऊ दे."

"मग होऊ द्या ना. उद्याच ठोकायला सांगा सुताराला."

चहा निवत राहिला. मग दादांनी ओलं फडकं उचललं आणि उजवीकडची रेघ पुसली.

"ही जरा वीतभर सरकवायला हवी," ते म्हणाले.