बायजाकाकूचा काढा आणि मामाची वही

बबनमामा आज सकाळी गेला.
आमच्या खानदानातला शेवटचा खरं बोलणारा माणूस संपला. आता आम्ही सगळे निवांत.

पोटाचा कॅन्सर. कळला तेव्हाच लिव्हरपर्यंत पोचलेला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका नव्या गोळीची ट्रायल चालू आहे. गाठीत एक ठरावीक खूण सापडली, तरच त्यात घेतात.
मामाच्या गाठीत सापडली.

मामा मुळशीभर सांगत सुटला, "आपुन निवडून आलोय."
सरपंचकीला दोनदा पडलेला माणूस. त्याला हे यश मोठंच होतं.

संमतीचा फॉर्म वीसेक पानांचा. मी म्हटलं, सही कर आणि मोकळा हो. भूगावचा फ्लॅट मी असाच घेतलाय, म्हणून तर भोगतोय.
मामानं दोन दिवस लावून वाचला. मग बाईंना विचारलं, "म्हंजी गुण येईलच आसं न्हाई?"
"नाही सांगता येत. तेच तर तपासतोय."
"मंग बराबर हाय. नवं भात आमी बी आदी एकाच खाचरात लावून बगतो."
आणि सही ठोकली.

गोळ्यांसोबत एक वही मिळाली. गोळी कधी घेतली, काय त्रास झाला, सगळं लिहायचं. बाहेरचं कुठलंही औषध घ्यायचं नाही, घेतलंच तर तेही लिहायचं.

आता आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. प्रत्येकाकडे एक काढा, आणि त्या काढ्यानं खडखडीत बरा झालेला एक साडू.
मामा बाटली ठेवून घ्यायचा. पाहुणा वळला की परसातल्या पेरूला ओतायचा.
वहीत नोंद: "काढा आला. पेरूला घातला."

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ लहान झालेली. मामा परत भाकरी खायला लागला.

आणि शेजारची बायजाकाकू आली. वय ऐंशी. काढा पेल्यात ओतून समोरच बसली.
"पी. मी बगतीया."
मामा प्यायला.

मी म्हटलं, "हे लिहू नकोस. ट्रायलमधून काढतील. गोळी बंद झाली तर?"
"मरंन."
"मग?"
"आरं, हीच वही बगून उद्या दुसऱ्याला गोळी देनार. पेरूचं लिवलं, आन् माजं झाकू?"

लिहिलं. "काढा आला. मी पिलो. बायजा हालंना."

बाईंनी वाचलं, हसू दाबलं, रक्त तपासायला घेतलं. आठवडाभर गोळी थांबवली. त्या आठवड्यात माझ्यासारख्या नास्तिकानं तीन देवांना नवस बोलले.
मग गोळी परत सुरू.

मामानं अजून दोन भातं काढली. दुसऱ्या भाताला स्वतः खळ्यावर उभा राहून सगळ्यांना शिव्या घातल्या.

मागच्या महिन्यात गोळीनं हात टेकले. उरलेल्या गोळ्या मामानं स्वतः मोजून डबीत भरल्या आणि वहीत शेवटचं लिहिलं:
"गोळी बंद. व्हता तवर गुण चांगला व्हता. पेरू लई लागलाय."

मामा, जा निवांत.
वही मी स्वतः दवाखान्यात पोचवली. एक ओळसुद्धा झाकली नाही.