पाटावरचा लॅपटॉप

आमच्या भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात इंजिनांचा वेग सांभाळणारे डिजिटल गव्हर्नर बनतात. इंजिनाच्या चाकाचे दात मोजायचे, वेग वाढला की डिझेल आवळायचं, घटला की सोडायचं, एवढंच त्या डब्याचं काम. कारखान्यातल्या छोट्या टर्बाइनला बसवला की डिझेलऐवजी वाफ. प्रत्येक इंजिनाची खोड वेगळी, म्हणून डब्याला लॅपटॉपवरून समजावून सांगावं लागतं. ते सॉफ्टवेअर आमच्या एकाच लॅपटॉपवर चालतं, आणि समजावणारी मी.

तर त्या खंडेनवमीला सकाळीच शेठनी सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा उरकली. पाने, पकडी, मीटर आणि मधोमध उघडा लॅपटॉप. त्याला झेंडूचा हार, पडद्यावर कुंकवाचा टिळा. शेठ गुजराती. पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हे त्यांना आमच्याच मराठी कामगारांनी शिकवलं, आणि आता ते आमच्यापेक्षा कडक झालेत.

दुपारी नवघरचे एक काका धापा टाकत आले. यांचा जनरेटर टेम्पोवर बसवलेला, आणि त्याला आमचाच डबा, नुकताच लावलेला.

"बाय, काल आरतीला बल्ब नुस्ते झोकं घेत व्हते, घडीत मोठं, घडीत बारीक. लोका हसली! माज्या बापानं या देवीसमोर गॅसबत्ती धरली, मंग मी जनरेटर. आज परत तसा झाला, तं मंडळ दुसऱ्याचा आणील. आमचा मान गेला मंग."

मी लॅपटॉपकडे हात नेला. शेठ ओरडलेच.

"मॅडम! पूजेतला औजार उद्या उचलायचा!"

"शेठ, डबा आपला आहे. नाक आपलंही कापलं जाणार."

"म्हणून काय देवीचं मन दुखवायचं?" शेठनी डोळे मिटून विचार केला. "लॅपटॉप नाय उठणार. इंजिनला इकडे बोलवा."

काकांनी टेम्पो उलटा घेत थेट आमच्या उंबऱ्याला टेकवला. केबल दारातून पाटापर्यंत जेमतेम पोचली. मी चप्पल काढून, हात धुऊन मांडी घातली. टाइप करायला परवानगी मिळाली, पण एकाच बोटाने. फूल वाहतो तसं, म्हणे! चार्जर लावायला हरकत नव्हती, कारण तो पूजेत नव्हता. कुंकवाचा टिळा नेमका वेगाच्या आकड्यावर, तो पुसायची सोय नाही. मग काका टेम्पोवरच्या बल्बकडे बघून ओरडणार, "वर गेला! खाली आला!", आणि मी खाली अक्षता टोचणाऱ्या बटणांवर एका बोटाने खुडबुडणार. इंजिनाच्या धुराने गाळा भरला, तर शेठनी त्यात उदबत्ती लावली. देवा रे!

शेवटी बल्ब झोके खायचा थांबला. काकांनी टाळीच वाजवली. मग आनंदाने त्यांना कसलं भान? मी सेव्हचं बटण शोधतेय तोवर ते केबिनमध्ये चढले आणि गाडी सुरू! केबल ताणली, लॅपटॉप हारासकट पाटावरून उडी मारून उंबऱ्यात आदळला आणि केबल सुटली.

"मी नाय उचलला," शेठ हात जोडून म्हणाले. त्यांनी तो उचलून परत पाटावर ठेवला, नवा टिळा लावला आणि जाहीर केलं, की आता उद्यापर्यंत कोणाचं बोटसुद्धा लागणार नाही.

मी अनवाणी धावत नाक्यावर टेम्पो गाठला. "काका, सेव्ह झालेलं नाही! जनरेटरचं इंजिन बंद केलंत की डबा सगळं विसरणार. आरती होईस्तोवर बंद करू नका!"

काकांचा चेहरा उतरला. "न्हाय करत," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी मुद्दाम नवघरला गेले. देवीसमोर माळा लख्ख, उजेड जराही हलत नव्हता. अख्खा मांडव देवीकडे बघत होता आणि काका बल्बकडे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दसऱ्याला शेठनी नारळ फोडला, उत्तरपूजा झाली आणि लॅपटॉप सुटला. तेवढ्यात बाहेर घरघर. काका आले होते, डोळे लाल, हातात आपट्याची पानं, आणि टेम्पोवर इंजिन चालूच!

"अहो काका, आरती काल झाली ना? बंद का नाही केलंत?"

"जीव झाला न्हाय."

मी चढले, केबल लावली, सेव्ह केलं. दोनदा बघितलं. "आता करा बंद."

त्यांनी जनरेटरच्या किल्लीला हात लावला आणि काढून घेतला. "परत चालू केल्यावर झोकं घ्यायला लागला, तं बापाला काय सांगू?"

त्यांचे वडील जाऊन जमाना झाला होता. मीच किल्ली फिरवली. घरघर थांबली, शेठनी दारात हात जोडले. मग परत किल्ली. इंजिन खोकलं, धरलं, बल्ब पेटला.

काकांनी बल्ब नीट निरखला. मग आपट्याचं पहिलं पान त्यांनी इंजिनावर ठेवलं आणि वर तोंड करून हळूच म्हणाले, "बत्ती पेटलीय रं बाबा. हलत न्हाय."