बिस्किटाचा पुडा

धाकट्या भावानं दाराबाहेर बिस्किटाचा पुडा फोडला आणि आत घोळ झाला. ताई मुलांची समुपदेशक, आणि कामातला तिचा जोडीदार म्हणजे तिचा कुत्रा. चार आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलेल्या मुलीनं आज पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पुड्याचा आवाज ऐकताच ते इमानी जनावर इमान गुंडाळून दाराकडे धावलं. मुलीनं हात मागे घेतला, दप्तर उचललं. दारातल्या भावानं घाईघाईनं पुडा पाठीमागे लपवला. ताई मात्र ढिम्म. कुत्र्यानं फरशीवरचा चुरा चाटला आणि आपणहून परत जाऊन तो मुलीच्या पायाशी पसरला. दप्तर हळूहळू खाली आलं.

"अगं, त्याला हाक मारायचीस ना, इथं माझा जीव चालला होता," मुलगी गेल्यावर भाऊ म्हणाला.

ताई म्हणाली, "सांगितलं म्हणून जवळ येणारी माणसं तिच्याकडे पुष्कळ आहेत."