बांधावरचा पांगारा

"तुझ्या बापानं लावलंय व्हय?"

डाव्या तळहातावर तंबाखू-चुना मळत, माझ्याकडे न बघता आप्पा हे विचारायचे. खुटबावात आमच्या शेताला त्यांचं शेत लागून आहे. तुमच्याही शेजारात असा एखादा असेलच, त्याला रामराम घातला तरी तो "काय काम काढलंस?" म्हणून खेकसतो. मला हा माणूस कधीच आवडला नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही.

भांडणाचं मूळ होतं त्यांच्या हद्दीतला पांगारा. मी सणसवाडीला औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते. पांगाऱ्याच्या बियांत अल्कलॉइड असतात, म्हणजे झाडानं स्वतःला वाचवायला तयार केलेलं विषच. मेंदूत निकोटीन ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागा हे विष अडवतं. जसंच्या तसं पोटात गेलं तर माणूस लुळा पडेल. पण तोच रेणू सुरुवातीला धरून इथं कातरला, तिथं जोडला, तर तंबाखू सोडवणारं औषध निघेल, या आशेवर आमचं काम चाललं होतं. यवतच्या, शिरूरच्या झाडांच्या बिया आणून झाल्या. आम्हाला हवा तो रेणू भरपूर सापडला तो वाऱ्यानं आमच्या वावरात पडलेल्या आप्पांच्या मूठभर बियांत. झाडाला मालक निवडता येत नाही, त्याला कोण काय करणार!

मी रीतसर हातमोजे आणि मास्क घालून शेंगा काढायला गेले. आप्पा आले. "माझ्या झाडाला रोग झालाय व्हय?" म्हणाले आणि काठीनं माझी पिशवी उलटी केली.

पुढच्या खेपेला मी समजावून सांगायचं ठरवलं. म्हटलं, "आप्पा, एस्टीत खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो ना? हे औषध म्हंजी तो रुमाल. तंबाखू आली तरी तिला बसायला जागा न्हाई."

"आन् मी रुमालावरच बसलो तर?"

तंबाखूची पिंक त्यांनी नेमकी आमच्या बाजूला टाकली. त्यांचा प्रश्न शास्त्राला धरून होता. तंबाखू फार झाली तर ती रुमाल सरकवून बसतेच. म्हणून तर मला जास्त राग आला.

खरा राग मात्र जुना होता. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले. त्यांना पहिली चिमूट आप्पांनीच दिली होती, दोघं विशीत असताना, याच पांगाऱ्याखाली. हे सांगताना आई आवाज खाली घ्यायची. मी नाही घेतला. एका रविवारी बांधावर उभी राहून मी म्हणाले, "माझा बाप तुमच्या चिमटीनं गेला. आता निदान बिया तरी द्या."

आप्पांचा अंगठा थांबला. तळहातावरची मळलेली तंबाखू त्यांनी मातीत झटकली. मग म्हणाले, "झाडच तोडतो. मंग बघू कशाच्या बिया नेतीस ते."

पुढच्या रविवारी पांगारा आडवा झालेला होता. त्याच्या फांद्या तोडून त्यांनी सामाईक बांधावर ओळीनं रोवल्या होत्या, आम्हाला अडवायला. प्रयोगशाळेत आमचे साहेब म्हणाले, "बी नाही तर काम नाही. दुसरं काहीतरी बघा." मी त्या म्हाताऱ्याला तोंडभर शिव्या दिल्या, तेही आईसमोर.

पावसाळ्यात त्या रोवलेल्या फांद्यांच्या मेढींना धुमारे फुटले. पांगाऱ्याची ओली फांदी रोवली की जीव धरते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि फांदीतून आलेलं झाड म्हणजे तेच झाड, त्याच गुणाचं. आप्पांना एवढं माहीत नसेल? मी बांधावरून ओरडले, "आप्पा, कुंपण फुटलंय तुमचं!"

"मंग? तुझ्या बापानं लावलंय व्हय?" त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

त्यानंतर थोड्या वर्षांनी त्यांचंही तोंड उघडेनासं झालं. मी एकदाच भेटायला गेले, तेही आईनं पाठवलं म्हणून. त्यांना बोलता येत नव्हतं. उजवा अंगठा मात्र रिकाम्या तळहातावर फिरत होता. मी बसले, चहा घेतला आणि उठले. मनातला राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही.

यंदा कुंपणाला पहिल्यांदा शेंगा धरल्या. साहेब म्हणालेत, बी मिळालं तर पुन्हा सुरू करू. आप्पा जाऊन महिने लोटले, तरी शेंगेला हात घातला आणि सवयीनं थांबले. मागून कुणी खेकसलं नाही.

"न्हाई आप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, "तुम्हीच लावलंय."