दळवीसाहेबांचा डावा हात

आमच्या घराच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर अंगात येणं, उतारे, नारळ फिरवणं हे सगळंच उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि आम्ही भावंडं तशीच वाढलो. पुढे मी चौतीस वर्षं खेडला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. गाडी बंद पडते तेव्हा तिला कारण असतं, एवढंच मी आयुष्यभर मानलं. या पानावर लोक लिहितात ते अनुभव मी वाचायचो ते, खरं सांगतो, करमणूक म्हणून. आता माझाच लिहायला बसलोय. कुणाला हसू आलं तर हसा... माझी हरकत नाही.

मला जुन्या गाड्यांचा नाद लावला दळवीसाहेबांनी. पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. शिरगावला कराड रोडलगत त्यांचं घर, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बासष्ट सालची फियाट. गोल पाठीची, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. ती आम्ही दोघांनी सात वर्षं खपून उभी केली. गियरबॉक्स तर मी स्वतःच्या हातांनी तीनदा खोलून भरलाय.

चिपळूण-खेड मिळून आमचा अकरा जणांचा ग्रुप होता. रविवारी सकाळी बहादूरशेख नाक्यावर गाड्या घेऊन जमायचं, चहा प्यायचा, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालायची. आता चार जण उरलोत. त्यातल्या दोघांच्या गुडघ्यांना क्लच झेपत नाही, ते रिक्षाने येतात.

गेल्या वर्षी दळवीसाहेबांना लागोपाठ दोन झटके आले. पहिल्यात डावी बाजू गेली, दुसऱ्यात वाचा. डॉक्टर म्हणाले, डावा हात-पाय आता येणार नाही, आशा ठेवू नका. डोळे उघडे असायचे, पण आपलं बोलणं पोचतंय की नाही काही कळायचं नाही. मी म्हणायचो, "साहेब, ऐकू येत असेल तर डोळे मिटा." ते छताकडे बघत राहायचे.

सुमतीवहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी उभी राहून गंजेल. यांना ते सोसायचं नाही. रविवारी येऊन एक फेरी मारत जा." मी जाऊ लागलो. खेडहून एसटीने यायचं, फियाट काढायची, चिपळूणपर्यंत जाऊन परत.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी गाडी लावून आत आलो तर वहिनी दारातच उभ्या.

"भावजी, तुम्ही गाडी चालू केलीत तेव्हा किती वाजले होते?"

"नऊ-सव्वानऊ. का?"

"यांचा डावा हात हलतो ओ. तुम्ही गेलात की हलतो. तुम्ही आलात की थांबतो."

मला वाटलं, जागरणांनी बाईला भास होतायत. तरी त्यांच्या समाधानासाठी म्हटलं, पुढच्या रविवारी बसून बघा आणि काय काय होतं ते वेळेसकट लिहून ठेवा.

त्या रविवारी मी कुणालाही न सांगता चिपळूणला गेलोच नाही. शाळेच्या मोकळ्या पटांगणात गाडी घातली, तीनदा रिव्हर्स घेतली आणि मधे दहा मिनिटं इंजिन बंद करून नुसता बसून राहिलो. मग परत आलो.

वहिनींनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. त्यांना गाडी चालवता येत नाही, गियर म्हणजे काय तेही ठाऊक नाही. त्यांनी आपलं दिसलं तसं लिहिलं... "हात वर. मग खाली, खाली जरा धरून ठेवला. पाय दाबला. मग वेगळाच वळवला, तीन वेळा. मग काही नाही. दहा मिनिटं काही नाही."

ज्यांनी ही गाडी चालवली नाही त्यांना सांगतो — तिचा गियर खाली नसतो, स्टिअरिंगच्या बाजूला दांडा असतो, तो डाव्या हाताने वर-खाली करायचा, रिव्हर्सला वेगळा वळवायचा. क्लच डाव्या पायाने. आणि आमच्या या गाडीचा दुसरा गियर निसटायचा, म्हणून दांडा क्षणभर खाली दाबून धरावा लागायचा. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी, आणि एक तो पलंगावरचा माणूस.

मी तो कागद घडी करून खिशात घातला.

डॉक्टरांना विचारलं. "स्पॅझम असतात, काका. मेलेल्या नसाही उडतात," ते म्हणाले. वेळेचं मी सांगितलं नाही.

आता अडचण अशी होती की गाडी जाणार होती. आजारी पडायच्या आधीच साहेबांनी कोल्हापूरच्या इंगवल्यांना शब्द दिला होता. चाळिशीचा माणूस, भला, गाड्यांवर जीव असलेला. "माझ्यानंतर हिला चालवणारा हवा, शोकेसमध्ये ठेवणारा नको," असं साहेब माझ्यासमोर बोलले होते. इंगवले घ्यायला आले तेव्हा मी वहिनींना म्हटलं, अजून थोडे दिवस थांबवू या का? त्या म्हणाल्या, "यांचा शब्द आहे, भावजी. यांना विचारता येत नाही म्हणून मी मोडू?"

मंगळवारी सकाळी मी इंगवल्यांना दुसऱ्या गियरची ती खोड सांगितली आणि ते गाडी स्वतः चालवत घेऊन गेले. आम्ही दोघं आत येऊन पलंगाशी बसलो.

थोड्याच वेळात साहेबांचा हात उशीवरून वीतभर वर उठला. ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो, कारण आजवर गाडीत मीच असायचो. बोटं अर्धवट मिटलेली, दांड्यावर असतात तशी. चादरीखाली पाऊल दबलं. हात खाली आला आणि क्षणभर तिथेच धरून राहिला.

"आता कुठे?" वहिनींनी विचारलं.

"पोफळी मागे पडली असेल. घाट सुरू."

मग कुंभार्ली घाट आम्ही त्या हातावर बघितला. वळण आलं की पाऊल दाबलं जाई, हात उतरे. वळण सुटलं की हात चढे. मी सांगत होतो, हे मोठं वळण, आता जरा सरळ, आता पुन्हा चढ. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या, एखादी बाई रेडिओ ऐकते तशा. साहेबांच्या चेहऱ्यावर मात्र काही नाही. आनंद नाही, त्रास नाही.

एका ठिकाणी पाऊल खाली गेलं आणि वर आलंच नाही. हात अधांतरी. एक मिनिट, दोन मिनिटं. पायाची शीर थरथरायला लागली.

"काय झालं ओ?"

"ट्रक असेल समोरून," मी म्हटलं. फोन लावला, घाटात रेंज नाही. वहिनींनी ते पाऊल दोन्ही हातांनी धरलं. वर ओढावं की धरून ठेवावं, त्यांना कळेना. मलाही कळेना. काही वेळाने ते आपसूक सैल झालं आणि हात पहिल्या गियरच्या जागी गेला.

तासाभराने इंगवल्यांचा हेळवाकवरून फोन आला. "काका, मस्त चढली बघा! एका वळणावर ट्रेलर अडकलेला, तिथं पाच मिनिटं थांबावं लागलं, बाकी काही नाही."

मी फोन ठेवला. वहिनींकडे बघितलं. त्या रडत होत्या, पण दुःखाने नाही असं मला वाटलं.

त्यानंतर चार महिने बरे गेले, असंच म्हणायला हवं. वहिनींचा फोन यायचा, "आज फिरले हां हे. बराच वेळ फिरले." गाडी कोल्हापुरात, माणूस शिरगावात... पण त्यांच्यासाठी नवरा बाहेर जाऊन येत होता. मला ते बरं वाटत नव्हतं आणि नको असंही म्हणवत नव्हतं.

मग इंगवल्यांचा फोन आला. माझा सल्ला हवा होता त्यांना. "काका, माझी पाठ गेलीय. डॉक्टर म्हणतात क्लच बंद. म्हणून नवीन इंजिन आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्स बसवतोय. बॉडी ओरिजिनलच ठेवणार, तिला हात लावत नाही. जुनं इंजिन तुम्हाला पाठवून देऊ का?"

मी म्हटलं, "काढू नका."

"का हो?"

मी सांगितलं, ओरिजिनॅलिटी जाईल, किंमत राहणार नाही, नवीन इंजिनाला चासी झेपणार नाही. त्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं होती, आणि ती बरोबरच होती. शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. सगळं. कॅलेंडर, पटांगण, ट्रेलर.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "काका, तुम्ही एवढे वयस्कर, खोटं बोलणार नाही. मी आठ-पंधरा दिवस थांबतो. पण मी चालवलीच नाही तर त्यांना काय उपयोग? तुम्हीच सांगा मी काय करू."

गाडी परत आणावी तर माझे डोळे आता रस्त्यावर चालवण्यासारखे राहिले नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलंय. ग्रुपमधल्या तिघांना विचारलं. एक म्हणाला, जाधव, माझंच आता कुणीतरी बघायला हवंय.

ते खरोखर पंधरा दिवस थांबले. मग गॅरेजवाल्याची तारीख ठरली, शुक्रवारची.

शुक्रवारी सकाळीच मी शिरगावला पोचलो. वहिनींना सांगितलं होतं. त्यांनी साहेबांची दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. आम्ही बसून राहिलो. बाहेरून कराडच्या गाड्या जात होत्या. दहा वाजले, अकरा वाजले. कुणाला तरी अडवायला हवं असं सारखं वाटत होतं आणि अडवायला समोर कुणीच नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास हात उठला. सावकाश मधल्या जागी आला आणि तिथे दोन-तीनदा इकडून तिकडे हलला. गाडी न्यूट्रलला आहे ना, हे बघायला प्रत्येक ड्रायव्हर दांडा हलवतो, तसा. "न्यूट्रल," मी वहिनींना म्हटलं. मग बोटं उघडली. हात खाली आला, तो वहिनींनी आपल्या हातात घेतला.

मी साहेबांच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता.

बाराला इंगवल्यांचा फोन. "इंजिन उतरवलं, काका. तिकडं... सगळं ठीक?"

"ठीक," मी म्हटलं.

याला आता सात महिने झाले. साहेब आहेत. पेज गिळतात, श्वास घेतात, छताकडे बघतात. हात पुन्हा कधी हलला नाही. फियाट नव्या इंजिनावर छान धावते असं इंगवले सांगतात, आणि प्रत्येक वेळी शेवटी दबकत विचारतात, "काही...?" मी नाही म्हणतो.

हे काय होतं, मला माहीत नाही. नसांचा खेळ म्हणावा तर ट्रेलर बसत नाही. दुसरं काही म्हणावं तर माझं आयुष्य त्यात बसत नाही. मी थांबवायला हवं होतं का, की थांबवायला गेलो हेच चुकलं, तेही कळत नाही. इथे कुणा जाणत्याला काही सुचत असेल तर लिहा.

मागच्या रविवारी गेलो होतो. चहा देताना वहिनींनी विचारलं, "भावजी, तो हात शेवटी मधे आला ना... त्याला तुम्ही न्यूट्रल म्हणालात. न्यूट्रल म्हणजे गाडी बंद असते की चालू असते?"

"दोन्ही असू शकतं, वहिनी."

"मग ओळखायचं कसं?"

मी कप खाली ठेवला. वहिनी घड्याळ बघून म्हणाल्या, "वायच हात लावा हां भावजी," आणि आम्ही दोघांनी मिळून साहेबांना कुशीवर वळवलं.